रॉम्नींचा धर्म आणि बेळगावचा मतदार

उमेदवार कोणत्या देवाला मानतो हे विचारण्याचा अधिकार मतदाराला आहे की नाही, यावर बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळीत सध्या वाद चालला आहे आणि त्याचे निमित्त थेट अमेरिकेतले आहे. आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा मुलगा युटा राज्यात नोकरीला आहे. त्याचे बहुतेक शेजारी मॉर्मन आहेत आणि त्यांच्याविषयी तो फोनवर जे सांगतो, त्यावरून अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले मॉर्मन नेते मिट रॉम्नी यांचा विषय निघाला. हे लोक दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा यांना शिवत नाहीत, मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला देतात, हे ऐकल्यावर निपाणीकडच्या एका स्नेह्यांनी, ज्यांच्या घराण्याचा सारा संसार तंबाखूवर उभा राहिला, तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला : "चहाबी पीत नाही म्हटल्यावर राज्य कसलं चालवतोय वो तो!" सगळे हसले. परंतु २००८ आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पुष्कळ मतदारांनी रॉम्नी यांच्याविषयी केलेला विचार याहून फारसा खोल नव्हता, असे मला वाटते. आणि आपण सीमाभागातले मतदारही त्याबाबतीत कुणाला नावे ठेवण्याच्या स्थितीत नाही.

मॉर्मन म्हणून ओळखला जाणारा संप्रदाय जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. बायबलच्या जोडीने 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ हे लोक पवित्र मानतात. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरून तो आपण उलगडला, असे स्मिथ यांचे म्हणणे होते. देवाचे बोलणे जुन्या प्रेषितांबरोबर संपले नाही, आजच्या चर्चप्रमुखालाही साक्षात्कार होतो, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या एकरूपतेचा जो सिद्धान्त बाकीचे ख्रिस्ती पंथ मानतात तो त्यांना मान्य नाही. त्यामुळे ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात आणि अनेक प्रोटेस्टंट धर्मगुरू ते मानायला तयार नसतात. त्यांच्यातल्या बहुपत्नीत्वाचा गवगवा जगभर झाला, पण चर्चने ती प्रथा १८९० मध्येच सोडून दिली आणि त्यानंतर १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. स्वतः रॉम्नी यांचे पणजोबा ती प्रथा टिकवण्यासाठी मेक्सिकोत गेलेल्यांपैकी होते. पणतू मात्र एकाच पत्नीबरोबर जन्मभर सुखाने नांदला, आणि तरीही २००८ च्या प्रचारात त्याला त्यावरचे विनोद ऐकावे लागले.

राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात अमेरिकेने स्वच्छ लिहून ठेवले आहे की कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची अट घातली जाणार नाही. पण ही मनाई सरकारला आहे. पडद्याआड मत देणाऱ्या माणसाच्या मनाला नाही. मॉर्मनांचा इतिहास पाहिला तर हा फरक फार महाग पडलेला दिसतो. १८३८ मध्ये मिसूरीच्या गव्हर्नरने त्यांना राज्याबाहेर हाकलावे, नाही तर त्यांचा नायनाट करावा, असा लेखी आदेश काढला होता. पुढे इलिनॉयमध्ये स्थिरावलेल्या जोसेफ स्मिथ यांनी १८४४ मध्ये स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. सरकारी जमिनी विकून आलेल्या पैशातून मालकांना मोबदला द्यावा आणि गुलामांना मोकळे करावे, असे त्यांच्या जाहीरनाम्यात होते. त्याच वर्षी त्यांच्यावर टीका करणाऱ्या एका वृत्तपत्राचा छापखाना त्यांच्या सांगण्यावरून मोडण्यात आला, त्यांना तुरुंगात टाकले गेले आणि २७ जूनला जमावाने तुरुंगात शिरून त्यांना ठार केले. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा पहिला मॉर्मन उमेदवार मतमोजणीपर्यंत जिवंतही राहिला नाही. छापखाना मोडणाऱ्या माणसाला मी मत दिले असते का, हा प्रश्न वेगळा; पण त्याचे उत्तर देताना सुवर्णपत्रांचा विचार करण्याची मला गरज भासत नाही.

त्यानंतरचे रीड स्मूट यांचे प्रकरण आमच्या मंडळींना विशेष आवडले. १९०३ मध्ये ते युटातून सिनेटवर निवडून आले तेव्हा ते चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक होते. या माणसाची निष्ठा देशाशी की चर्चशी, यावर सिनेटच्या समितीने काही वर्षे सुनावणी चालवली, खुद्द चर्चच्या अध्यक्षांना साक्षीला बोलावले, आणि शेवटी १९०७ मध्ये सिनेटने त्यांना राहू दिले. ते पुढे १९३३ पर्यंत सिनेटर होते. आज त्यांचे नाव निघते ते १९३० च्या स्मूट-हॉली आयातकर कायद्यामुळे. देशाला त्यांचा धर्म नव्हे, त्यांचा आयातकर महाग पडला. चौकशी मात्र धर्माची झाली होती.

आता रॉम्नी. बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीतून त्यांनी अमाप संपत्ती मिळवली, २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकची घडी बसवली, २००३ ते २००७ या काळात मॅसॅच्युसेट्ससारख्या डेमोक्रॅट वळणाच्या राज्यात ते रिपब्लिकन गव्हर्नर होते आणि तेथे २००६ मध्ये त्यांनी सर्वांना आरोग्यविमा मिळावा यासाठी कायदा केला. उमेदवार पारखायला एवढी सामग्री पुष्कळ झाली. परंतु आयोवातल्या ज्या मतदारांसमोर ते २००७ मध्ये उभे होते, त्यांच्यातले बरेच जण कडवे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल शब्दशः मानणारे प्रोटेस्टंट, होते आणि त्यांना आरोग्यविम्याआधी येशूविषयी ऐकायचे होते. रॉम्नी यांचे पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी माइक हकबी हे स्वतः बाप्टिस्ट धर्मोपदेशक. येशू आणि सैतान भाऊ भाऊ आहेत असे मॉर्मन मानतात ना, असा भोळा वाटणारा प्रश्न त्यांनी एका पत्रकाराशी बोलताना टाकला, नंतर त्याबद्दल माफीही मागितली. पण टाकलेला प्रश्न कुठे परत घेता येतो? जानेवारी २००८ मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या आयोवातल्या लढतीत हकबी जिंकले.

त्याआधी, ६ डिसेंबर २००७ रोजी, रॉम्नी यांनी टेक्सासमध्ये धर्मावर एक भाषण केले. त्याची तुलना सगळ्यांनी जॉन केनेडी यांच्या १२ सप्टेंबर १९६० च्या ह्यूस्टनमधल्या भाषणाशी केली. केनेडी कॅथलिक होते आणि प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या सभेपुढे जाऊन त्यांनी सांगितले होते की माझे सार्वजनिक निर्णय पोप ठरवणार नाही, आणि सद्सद्विवेक व राष्ट्रहित यांत कधी तडजोडच होऊ शकत नाही असा प्रसंग आला, तर मी पद सोडेन. रॉम्नी यांनीही आपल्या चर्चचे अधिकारी राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयांवर प्रभाव पाडू शकणार नाहीत अशी ग्वाही दिली. इथपर्यंत ठीक. पण केनेडींना धर्म बाजूला ठेवा असे म्हणणे परवडणारे होते. रॉम्नींना ज्यांची मते हवी होती, त्यांना धर्म बाजूला ठेवलेला चालणारच नव्हता. म्हणून एकीकडे उमेदवाराने आपल्या पंथाची तत्त्वे समजावून सांगत बसू नये असे म्हणत असतानाच त्यांनी येशू हा देवाचा पुत्र व मानवजातीचा तारणहार आहे असे जाहीर करून टाकले. परीक्षा मान्य नाही असे सांगून उत्तरपत्रिका मात्र त्यांनी भरून दिली. शिवाय स्वातंत्र्याला धर्माची गरज असते, असेही ते म्हणाले. जो माणूस कोणताच देव मानत नाही त्याचे काय, हे त्या भाषणात कुठेच नाही. स्वतःसाठी दार उघडा म्हणणाऱ्याने आपल्या मागून ते लोटून घेतले, हे मला खटकले.

आपल्याकडे याचे प्रत्यंतर शोधायला लांब जावे लागत नाही. यमकनमर्डीचे आमदार सतीश जारकीहोळी वर्षानुवर्षे अंधश्रद्धेविरुद्ध बोलत आले आहेत. ६ डिसेंबरला, आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात ते कार्यक्रम घेतात आणि स्मशानात रात्र काढून दाखवतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये निपाणीतल्या भाषणात 'हिंदू' या शब्दाविषयी त्यांनी जे विधान केले, त्यावर राज्यभर गदारोळ झाला आणि त्यांना ते मागे घ्यावे लागले. आता हा माणूस संपला, असे आमच्या गल्लीतही बोलले जात होते. परंतु २०१८ मध्ये अगदी थोडक्यात तरलेले जारकीहोळी २०२३ मध्ये मोठ्या फरकाने निवडून आले आणि मंत्रीही झाले. यात त्यांच्या घराण्याच्या राजकीय बळाचा वाटा मोठा आहे हे मी नाकारत नाही. तरीही, रोज दारात दिसणाऱ्या माणसाला त्याच्या मतदारसंघातले लोक श्रद्धेवरून जोखत नाहीत, आणि जो माणूस केवळ बातमीतून भेटतो त्याला मात्र प्रथम श्रद्धेवरूनच जोखले जाते, एवढे त्यावरून दिसते.

मॉर्मन ख्रिस्ती आहेत का, हा वाद ऐकताना बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला लिंगायतांचा प्रश्न आठवल्यावाचून राहत नाही. बाराव्या शतकातल्या बसवण्णांना मानणारा हा समाज हिंदू धर्माचा भाग की स्वतंत्र धर्म, यावर २०१७ मध्ये मोठमोठे मेळावे झाले, त्यातला एक बेळगावात झाला. आणि मार्च २०१८ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, राज्य सरकारने स्वतंत्र धर्माची शिफारस केंद्राकडे पाठवली. येथे दिशा उलटी आहे : मॉर्मन आत घ्या म्हणत होते आणि बाकीचे दार अडवत होते, येथे काही जण बाहेर पडू म्हणत होते आणि बाकीचे जाऊ देत नव्हते. पण दोन्हीकडे धर्मशास्त्रातला एक नाजूक प्रश्न निवडणुकीच्या बाजारात आणला गेला आणि दोन्हीकडे तो तेथे सुटला नाही. शिफारस करणाऱ्या सरकारच्या पक्षाला त्या निवडणुकीत बहुमत मिळाले नाही.

सीमाभागातल्या मराठी माणसाला जो प्रश्न खरा झोंबायला हवा, तो मात्र निष्ठेचा आहे. रॉम्नी निवडून आले तर आदेश सॉल्ट लेक सिटीतून, मॉर्मन चर्चच्या मुख्यालयातून, येतील, केनेडी आले तर रोममधून येतील, या संशयाची भाषा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फक्त आपल्या बाबतीत गावाचे नाव मुंबई असते. १९५६ पासून येथला मराठी नगरसेवक, शिक्षक, अगदी दुकानाची पाटी लिहिणारा माणूससुद्धा या संशयाखाली वावरला आहे. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला तेव्हा राज्य सरकारने पालिका बरखास्त केली आणि त्याच सुमारास बेंगळुरूमध्ये महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले. ठरावाशी कुणाचा मतभेद असू शकतो. पण ज्याला अमुक ठिकाणी जावेसे वाटते तो इथली गटारे साफ करण्यास नालायक ठरतो, हा निष्कर्ष ज्यांनी सोसला आहे त्यांना रॉम्नींच्या अडचणीची कल्पना यायला हरकत नसावी.

आणि तरीही आपण तीच कसोटी लावतो. बेळगाव महाराष्ट्रात यावे म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती सोडून राष्ट्रीय पक्षात गेलेल्या मराठी माणसाला आपण काय काय म्हटले, ते आठवावे. तो पाणी आणतो का, रस्ता करतो का, मराठी शाळेच्या गळक्या कौलांसाठी तालुक्याच्या ठिकाणी भांडतो का, हे पाहण्याआधी कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, निषेध म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत तो होता की नव्हता, याची चौकशी आधी होते. मी स्वतः समितीच्या मागणीच्या बाजूचा आहे आणि हे लिहिताना काही मित्र नाराज होणार, हे मला ठाऊक आहे.

पुढची गोष्ट त्याहून गमतीची आहे. ही कसोटी जेव्हा सुटते तेव्हा ती उदारपणामुळे सुटते, असे आपण समजतो. ऑक्टोबर २०११ मध्ये डॅलसचे धर्मोपदेशक रॉबर्ट जेफ्रेस यांनी मॉर्मन धर्म हा ख्रिस्ती धर्म नव्हे, तो एक कल्ट, म्हणजे भरकटलेला पंथ, आहे, असे जाहीरपणे सांगितले होते. वर्षभरातच, उमेदवारी रॉम्नी यांच्या गळ्यात पडल्यावर, तेच जेफ्रेस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ऑक्टोबर २०१२ मध्ये रॉम्नी वृद्ध बिली ग्रॅहम यांना भेटून आले आणि त्यानंतर ग्रॅहम यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरचे, मॉर्मनांना कल्ट ठरवणारे पान नाहीसे झाले. नोव्हेंबरात गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी रॉम्नी यांना मत दिले. या लोकांचे धर्मशास्त्र वर्षभरात बदलले असेल, असे मला वाटत नाही. समोर बराक ओबामा होते, आणि पक्ष हाच मोठा धर्म झाला होता. गॅलप संस्थेने १९६७ मध्ये विचारले तेव्हा १७ टक्के लोकांनी लायक असला तरी मॉर्मन माणसाला मत देणार नाही असे सांगितले होते. जून २०१२ मध्ये तोच आकडा १८ टक्के होता. याच काळात कृष्णवर्णीय, कॅथलिक, ज्यू उमेदवारांविषयीचा विरोध एकेरी आकड्यांवर आला होता. म्हणजे मनातला संशय जिथल्या तिथे होता. रॉम्नी २०६ विरुद्ध ३३२ प्रतिनिधी-मतांनी हरले, पण ते मॉर्मन असल्यामुळे हरले असे म्हणायला आधार नाही.

बेळगाव महापालिकेच्या २०२१ च्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या. निवडून आलेल्यांत मराठी भाषक बरेच होते आणि त्यांना मते देणारेही. भाषेची कसोटी त्या दिवशी कुठे गेली, हे मी अनेकांना विचारले. उत्तरे वेगवेगळी आली, पण कन्नड-मराठी वैर संपले असे कुणीच म्हणाले नाही. एका मोठ्या ओळखीने दुसरीला झाकले, एवढेच.

या सगळ्यात मतदाराचे जे नुकसान झाले त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. रॉम्नी यांनी बॉस्टनजवळ बिशप म्हणून आणि नंतर अनेक मंडळ्यांचे प्रमुख म्हणून काम केले आहे. मॉर्मनांमध्ये स्थानिक बिशपला पगार नसतो. आपला धंदा सांभाळून त्याने कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची नोकरी गेली आहे, कुणाचा संसार मोडू पाहतो आहे, हे बघायचे असते. माणूस अधिकार कसा वापरतो, हे पाहायला याहून चांगली जागा कोणती? २०१२ च्या टॅम्पामधल्या पक्षाच्या अधिवेशनात एका वृद्ध जोडप्याने सांगितले की कर्करोगाने मरणाऱ्या त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाजवळ रॉम्नी येऊन बसत, आणि त्या मुलाच्या इच्छेवरून त्यांनी त्याचे मृत्युपत्र लिहून दिले, ज्यात त्याने आपल्या लाडक्या वस्तू मित्रांत वाटल्या होत्या. दुसऱ्या बाजूने, त्याच पदावर असताना ते कठोर वागले, अशी तक्रार काही स्त्रियांनी जाहीरपणे केली होती. दोन्ही गोष्टी मतदारापुढे ठेवण्यासारख्या होत्या. परंतु धर्माचे नाव निघाले की मते जातात या भीतीने प्रचाराची सूत्रे हलवणाऱ्यांनी त्यांच्या आयुष्याचा हा भाग बराच काळ जवळजवळ झाकूनच ठेवला.

चर्च आदेश देते की नाही, हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या सार्वमतात मॉर्मन चर्चने उघडपणे आपल्या अनुयायांना कामाला लावले होते. १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांच्याकडे पौरोहित्य मिळत नसे, आणि त्या वर्षी रॉम्नी ३१ वर्षांचे होते. तोवर तुम्ही काय केले, हे विचारणे पूर्णपणे रास्त आहे. मात्र असा प्रश्न विचारला की उत्तर श्रद्धेत नव्हे, वागणुकीत शोधावे लागते. त्यांचे वडील जॉर्ज रॉम्नी मिशिगनचे गव्हर्नर होते आणि १९६८ च्या निवडणुकीसाठी तेही राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीत उतरले होते. १९६४ मध्ये चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एकाने त्यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची एवढी बाजू घेऊ नका, असे बजावले होते. जॉर्ज रॉम्नी यांनी चर्च सोडले नाही आणि हक्कांची बाजूही सोडली नाही.

मुलाची वेळ ५ फेब्रुवारी २०२० रोजी आली. युटाचे सिनेटर म्हणून मिट रॉम्नी यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील महाभियोगात एका आरोपावर त्यांना दोषी ठरवणारे मत दिले. स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध असे मत देणारे ते पहिले सिनेटर. निष्पक्ष न्याय करीन अशी शपथ मी देवासमोर घेतली आहे आणि माझी श्रद्धा माझ्या अस्तित्वाच्या गाभ्याशी आहे, असे कारण त्यांनी दिले. ज्या श्रद्धेमुळे हा माणूस कुणाच्या तरी मुठीत राहील असे भय घातले जात होते, तिच्याच बळावर तो पक्षाच्या मुठीतून निसटला. मे २०२१ मध्ये युटातल्याच पक्षाच्या अधिवेशनात, जिथे मॉर्मनांचीच बहुसंख्या, त्यांची हुर्यो उडवली गेली. आणि २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा उभे राहणार नाही असे सांगितले.

हे ऐकल्यावर मुख्याध्यापकांनी मला पेचात धरले : "मग २०१२ ला तुम्हाला मत असतं तर दिला असता की नाही, ते सांगा की सरळ." नसते दिले. त्या वर्षी मे महिन्यात फ्लोरिडातल्या एका धनिकांच्या बैठकीत ते जे बोलले, ते चोरून केलेल्या चित्रीकरणामुळे सप्टेंबरात बाहेर आले : देशातले ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत, स्वतःला बिचारे समजतात, आणि त्यांची काळजी करणे हे माझे काम नाही. कुणी म्हणेल की तो निवडणुकीच्या गणिताचा हिशेब होता, पण मला ते पटत नाही. मरणाऱ्या मुलाजवळ बसून त्याचे मृत्युपत्र लिहिणाऱ्या माणसाने अर्ध्या देशाविषयी असे बोलावे, याचे कारण मॉर्मन ग्रंथांत सापडणार नाही. ते शोधायचे असेल, तर ज्यांच्यात बसून तो बोलत होता त्या श्रीमंतांच्या मेजावर शोधावे लागेल. आणि तशी मेजे आपल्या क्लब रोडवरही मांडलेली असतात, त्यांवर मराठी, कन्नड, लिंगायत, जैन सगळे एकत्र जेवतात.